टोमॅटोचें खत आणि वाशीमची काळी माती

घरामागील वाफ्यांत टोमॅटोचीं चार झाडें असावींत, त्यांना कृत्रिम खताचा स्पर्श होऊं नये, आणि पानांत पडणारें फळ डोळ्यांदेखत वाढलेलें असावें, ही हौस आतां पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीं. वाशीम, कारंजा, रिसोड अशा गांवांतील सुशिक्षित कुटुंबांतही ती दिसूं लागली आहे. हौस चांगलीच आहे. अडचण सुरू होते ती पुस्तक उघडल्यावर. बागकामावरील पुष्कळशीं पुस्तकें विलायती अनुभवावर रचलेलीं असतात. त्यांत टोमॅटोसाठीं हाडांचा चुरा सांगितलेला असतो, लाकडाची राख सांगितलेली असते. वाळविलेलें रक्त, मासळीचा अर्क, समुद्रांतील शेवाळ, अंड्यांच्या टरफलांची पूड आणि वर थोडा चुना, असा सगळा थाट असतो. वाशीमच्या बाजारांत यांतील निम्म्या वस्तु सहसा मिळत नाहींत. मग हाडांच्या चुऱ्याऐवजीं काय घालावें, मासळीऐवजीं काय घालावें, असा प्रश्न गृहस्थ दुकानदारास विचारतो आणि दुकानदार जी रंगीत पिशवी पुढें करील ती घेऊन घरीं येतो.

येथें प्रश्नच चुकीच्या टोंकाकडून विचारला जातो. खत बदलतांना नांवाला नांव किंवा वजनाला वजन बदलावयाचें नसतें. पुस्तकांतील खत ज्या कामासाठीं सांगितलें आहे त्या कामाची या मातीला गरज आहे काय, हें आधीं पाहावयाचें असतें. गरज असेल तर तेंच काम करणारी जवळची वस्तु शोधावी. गरज नसेल तर ती जागा खुशाल रिकामी ठेवावी. या कसोटीला लावून पाहिलें म्हणजे त्या लांबलचक यादींतील बरींच नांवें आपोआप गळून पडतात.

वाशीम जिल्हा अकोला जिल्ह्यांतून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं; त्याची माती मात्र लाखों वर्षांची जुनी आहे. बेसॉल्ट नांवाच्या काळ्या खडकाच्या झिजेंतून ती तयार झाली. या खडकांत चुन्याचा आणि मॅग्नेशियमचा अंश विपुल असतो व तो मातींतही उतरला आहे. खोल काळ्या जमिनींत चुनखडीचे पांढरे खडे हातानें वेंचून काढतां येतात. अशा मातीचा सामू, म्हणजे आंबटपणा किंवा खारटपणा दाखविणारा आंकडा, सामान्यतः साडेसात ते साडेआठ असतो. सात हा मध्य धरला तर ही माती क्षाराकडे झुकलेली आहे. पालाश तींत बहुधा पुरेसें असतें. उणीव असते ती सेंद्रिय द्रव्याची आणि त्याच्याबरोबर नत्राची. स्फुरद असतें, पण चुन्याशीं जखडलेलें. आणि जस्ताची वाण पुष्कळ ठिकाणीं आढळते. प्रत्येक वाफ्याची गोष्ट थोडी निराळी असतेच, म्हणून एकदां माती तपासून घेणें उत्तम. जिल्ह्याचें कृषि विज्ञान केंद्र रिसोड तालुक्यांत करडा येथें आहे. अकोल्यास १९६९ पासून कृषि विद्यापीठ आहे. तपासणीची चौकशी तेथें करावी.

आतां यादी घेऊं जातां पहिला बळी चुन्याचा पडतो. ज्या मातींत चुना आधींच अधिक आहे तींत तो आणखी घालणें म्हणजे खाऱ्या भाजींत मीठ घालणें होय. अंड्यांच्या टरफलांचेंही तेंच. तरीही टरफलांवर लोकांची मोठी श्रद्धा आहे, आणि तिचें कारण टोमॅटोचा एक विशिष्ट दोष हें आहे. फळ सुपारीएवढें किंवा लिंबाएवढें झालें कीं त्याच्या खालच्या टोंकावर, जेथें फूल गळून पडलेलें असतें तेथें, पाणचट डाग पडतो. तो तपकिरी होतो, मग काळा पडून चामड्यासारखा दबतो. पहिल्या तोड्यांतील निम्मीं फळें कधीं कधीं अशीं वायां जातात. हा जंतूंचा रोग नव्हे. फळाच्या टोंकापर्यंत कॅल्शियम पुरेसें न पोंचल्यानें तेथील पेशी खचतात, आणि कॅल्शियम म्हणजे चुन्याचाच अंश. म्हणून चुना किंवा टरफलें घाला असा उपाय पुस्तकांत येतो. आंबट मातीच्या देशांत तो योग्यही असेल.

पण वाशीमच्या मातींत कॅल्शियमची तूट नाहीं. तूट आहे ती वाहतुकीची. कॅल्शियम झाडांत चढतें तें केवळ पाण्याच्या प्रवाहाबरोबर, आणि पाणी जाते तें मुख्यतः पानांकडे, कारण बाष्प तेथून उडतें. फळाच्या वांट्यास थोडें येतें. त्यांत काळ्या मातीचा स्वभाव असा कीं ती वाळली म्हणजे आकसते, तिला भेगा पडतात आणि त्या भेगांबरोबर टोमॅटोचीं बारीक मुळें तुटतात. घरचे लोक चार दिवस पाहुणे म्हणून बाहेरगांवीं गेले, परत आल्यावर अपराध धुऊन काढावा तसें वाफ्यांत घागरी ओतल्या, कीं पंधरवड्यानें फळांच्या बुडाशीं काळे डाग दिसूं लागतात. येथें टरफलाऐवजीं काय, याचें उत्तर ‘नियमित पाणी’ हें आहे, आणि दुसरें उत्तर ‘आच्छादन’. सोयाबीनचें किंवा हरभऱ्याचें कुटार दोन-तीन इंच जाडीनें झाडाभोंवतीं पसरलें, बुंध्यापाशीं बोटभर जागा मोकळी ठेवली, तर मातीचा ओलावा एकसारखा राहतो. अंड्यांचीं टरफलें क्षारयुक्त मातींत वर्षानुवर्षें जशींच्या तशीं पडून राहतात. त्यांच्यापासून अपाय नाहीं एवढेंच त्यांच्या बाजूनें म्हणतां येईल. मॅग्नेशियमसाठीं सुचविलेल्या विलायती मिठाचीही या मातींत सहसा जरूर नसते.

हाडांच्या चुऱ्याचा युक्तिवाद अधिक सूक्ष्म आहे. उकडलेल्या हाडांच्या चुऱ्यांत शेंकडा २५ ते ३० स्फुरद असतें, आणि स्फुरद टोमॅटोच्या कोवळ्या रोपास खरोखरच हवें असतें. त्याच्या अभावीं मुळें खुरटतात आणि पानाची खालची बाजू जांभळट दिसते. म्हणजे काम आवश्यक आहे. परंतु हाडांतील स्फुरद हें चुन्याशीं बांधलेलें असतें व तें सुटण्यास आंबटपणा लागतो. सामू आठाच्या घरांत असलेल्या मातींत घातलेला चुरा बव्हंशीं न विरघळतां राहतो. झाडाला मिळतें तें नगण्य, आणि रात्रीं येऊन वाफा उकरणारीं कुत्रीं मात्र भरपूर. चुरा आधींच घरांत आणलेला असेल तर तो मातींत न घालतां कंपोस्टच्या खड्ड्यांत थरांमधून पसरावा. पालापाचोळा कुजतांना जीं सेंद्रिय अम्लें निर्माण होतात त्यांच्या संगतींत त्याचा कांहीं अंश सुटा होतो. नसेल तर आणूं नये. चांगलें कुजलेलें शेणखत वेळेवर दिलें, आणि रोपें लावतांना त्यांचीं मुळें स्फुरद विरघळविणाऱ्या जीवाणूंच्या संवर्धकांत बुडवून घेतलीं, म्हणजे जमिनींत बंद असलेल्या स्फुरदाचें दार थोडेंतरी उघडतें.

राखेविषयींचा गैरसमज तर घरोघर आहे. राखेंत पालाश असतें हें खरें, टोमॅटोला पालाश नत्राहूनही अधिक लागतें हेंही खरें. परंतु लाकडाच्या राखेचा मोठा भाग पालाश नसून चुनाच असतो. कोंकणांतील जांभ्या दगडाच्या आंबट मातींत तीच राख गुणकारी ठरते. वऱ्हाडांतील काळ्या मातींत ती सामू आणखी वर नेते, आणि मग जस्त, लोह यांसारखीं अल्प प्रमाणांत लागणारीं द्रव्यें जमिनींत असूनही झाडाला मिळेनाशीं होतात. कोंवळीं पानें पिवळीं आणि शिरा मात्र हिरव्या, असें चित्र दिसूं लागलें तर आणखी कोणतें खत घालावें याचा विचार करण्यापूर्वीं राखेचा डबा दूर ठेवावा. पालाशाची तूट माती तपासणींत खरोखर निघालीच, तर शेळ्या-मेंढ्यांचें कुजलेलें लेंडीखत हा चांगला पर्याय आहे. गोठ्यांत माती अंथरून तिनें गोमूत्र शोषून घेतल्यावर ती माती खतांत मिसळण्याची जुनी रीतही तितकीच उपयोगी. जनावराच्या मलमूत्रांतील पालाशाचा मोठा हिस्सा मूत्रांतच असतो आणि तोच बहुतेक गोठ्यांतून वाहून जातो.

राहिला प्रश्न नत्राचा, आणि या मातींत खरा प्रश्न तोच आहे. येथें थोडें गणित अपरिहार्य होय. टोमॅटोच्या सरळ वाणासाठीं महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास हेक्टरीं २०० किलो नत्र, १०० किलो स्फुरद व १०० किलो पालाश अशी शिफारस केली जाते. संकरित वाणांना नत्र ३०० किलोपर्यंत सांगतात. हेक्टराचे चौरस मीटर दहा हजार. म्हणजे एका चौरस मीटरच्या वाफ्यास, जेथें तीन-चार झाडें मावतात, सरळ वाणासाठीं २० ग्रॅम नत्र झालें. हा आंकडा बाजारासाठीं पिकविणाऱ्याचा आहे. घरच्या वाफ्याला त्याच्या निम्म्याशिम्म्यावर चालतें. चांगल्या शेणखतांत नत्र शेंकडा अर्धा. दोन किलो शेणखत चौरस मीटरला घातलें तर त्यांत १० ग्रॅम नत्र असतें खरें, पण पहिल्या हंगामांत त्याचा सुमारें तिसरा हिस्साच झाडाच्या हातीं लागतो. उरलेलें पुढील पिकांसाठीं शिलकेंत जातें. शेणखताचें खरें देणें नत्र नव्हे. माती भुसभुशीत होणें, पाणी धरणें, जस्त-लोह मोकळें होणें, हें त्याचें देणें आहे, आणि त्यासाठीं त्याला पर्याय नाहीं. नत्राची उरलेली भर पेंडीनें करावी.

वऱ्हाडांत जिला ढेप म्हणतात त्या पेंडींचे दोन वर्ग आहेत: जनावरें खातात त्या आणि खात नाहींत त्या. भुईमुगाच्या पेंडींत नत्र शेंकडा ७ च्या आसपास, म्हणजे सर्वांत जास्त. सरकीच्या पेंडींत तें ४ च्या जवळपास. निंबोळीच्या पेंडींत ५, एरंडीच्या पेंडींत सव्वाचार, करंजीच्या पेंडींत ४. वाफ्याला १० ग्रॅम नत्र पेंडींतून द्यावयाचें ठरविलें तर भुईमुगाची १४० ग्रॅम, निंबोळीची २००, एरंडीची २३० आणि करंजी किंवा सरकीची २५० ग्रॅम लागेल. अदलाबदल करावयाची ती या हिशेबानें. एक मूठ निंबोळी पेंड सांगितली होती, ती मिळाली नाहीं म्हणून एक मूठ गांडूळखत घातलें, असें केल्यानें जागा भरते पण काम होत नाहीं. गांडूळखतांत नत्र शेंकडा एक ते दीडच असतें. उलट कोंबडीखत घरांत आलें आणि तें शेणखताच्या मापानें टाकलें तर रोपें जळतात, कारण वाळलेल्या कोंबडीखतांत शेंकडा ३ पर्यंत नत्र असतें व तें लवकर सुटतें. लोक त्याला ‘उष्ण खत’ म्हणतात. उष्णता म्हणजे येथें अमोनिया. तें दोन-तीन महिने कुजवून, शेणखताच्या चौथाईनेंच वापरावें.

भुईमूग किंवा सरकीची ढेप थेट मातींत घालणें हा मात्र श्रीमंती खर्च आहे. ती आधीं गाईच्या पोटांत जावी, दूध मिळावें आणि मग शेणाच्या रूपानें मातीकडे यावी, हा जुन्या कृषितज्ज्ञांचा सल्ला आजही तितकाच शहाणपणाचा आहे. बागेसाठीं अखाद्य पेंडी घ्याव्यात. त्यांतही टोमॅटोसाठीं निंबोळी पहिली. तिच्यांतील कडू द्रव्यें नत्राचें रूपांतर करणाऱ्या जंतूंचा वेग कमी करतात, म्हणून नत्र हळूहळू सुटतें. मुळांवर गांठी करणाऱ्या सूत्रकृमींनाही ती कांहींशी आवरते. एरंडीची पेंड स्वस्त व गुणी आहे, पण ती विषारी असते. घरांत कुत्रें असेल किंवा अंगणांत वासरूं मोकळें फिरत असेल तर ती आणूंच नये. मातींत पुरली तरी कुत्रें वासावर ती उकरतें.

कोणतीही पेंड बारीक करून, लागवडीपूर्वीं पंधरा दिवस ओल्या मातींत मिसळावी. ताजी पेंड कुजतांना तापते आणि नाजूक मुळें भाजतात. निम्मी तेव्हां, आणि निम्मी लावणीनंतर महिन्यानें, बुंध्यापासून वीतभर अंतरावर. याहून अधिक देण्याचा मोह आवरावा. नत्र वाढलें कीं झाड हिरवेंगार, दाट, पाहणाऱ्यानें वाहवा करावी असें होतें, आणि फुलें मात्र थोडीं येतात; शिवाय वर सांगितलेला बुडाचा काळा डागही वाढतो. मासळीचा अर्क किंवा रक्त यांचें काम तांतडीनें नत्र पोंचविणें एवढेंच होतें. त्याऐवजीं किलोभर पेंड दहा लिटर पाण्यांत पांच-सहा दिवस भिजवून, वरची निवळी दहापट पाण्यांत मिसळून घालावी. वासाबद्दल शेजाऱ्यांची आगाऊ क्षमा मागितलेली बरी.

अलीकडे पुष्कळ घरांत जीवामृताचें नांव ऐकूं येतें. अमरावती जिल्ह्यांतील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांनीं त्याचा प्रसार केला. एकरासाठीं २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती. या सर्व वस्तूंतील नत्राची बेरीज केली तर ती पाव किलोच्या आंतबाहेर भरते, आणि एकरभर टोमॅटोची शिफारस ८० किलोंची आहे. म्हणून जीवामृत हें पेंडीच्या किंवा शेणखताच्या जागीं बसणारें खत नव्हे. त्याचे पुरस्कर्ते त्याला विरजण म्हणतात, तें योग्यच आहे. पण विरजण लागण्यासाठीं भांड्यांत दूध असावें लागतें.

शेणखताला पर्याय नाहीं असें म्हटलें तरी शेण आणावयाचें कोठून? इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर हिंदुस्थानांत १८८९ सालीं आले, तेव्हांच त्यांनीं शेणाच्या गोवऱ्या जळतात यांत जमिनीचें मोठें नुकसान पाहिलें होतें. आतां गोवऱ्या कमी झाल्या, पण ट्रॅक्टर आले आणि बैलही कमी झाले. या अडचणींतून वाट काढण्याचे दोन मोठे प्रयत्न वाशीमपासून फार दूर झालेले नाहींत. पहिला इंदूरचा. तेथील वनस्पति-उद्योग संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ पासून काम केलें, आणि १९३१ सालीं यशवंत वाड या सहकाऱ्याच्या जोडीनें त्यांनीं शेतांतील टाकाऊ पदार्थांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुऱ्हाट्या टणक असल्यानें कुजत नाहींत. हॉवर्ड त्या रस्त्यांत पसरीत, गाड्यांच्या चाकांखालीं त्या चिरडून निघत, आणि मग शेण, मूत्रानें भिजलेली माती व राख यांच्या थरांत रचल्या जात. तीन महिन्यांत खत तयार होई.

दुसरा प्रयत्न अगदीं शेजारचा आहे. यवतमाळ जिल्ह्यांतील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनीं आपल्या नांवाच्या अद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून प्रसिद्ध झालेली पद्धत दिली. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असें विटांचें टांकें, त्याच्या भिंतींत हवेसाठीं भोंकें; आंत १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, सुमारें १७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि भरपूर पाणी. वरून शेणमातीनें लिंपून टाकलें म्हणजे ९० ते १२० दिवसांत सुमारें तीन टन खत मिळतें. शंभर किलो शेणांतून तीन टन खत, हा हिशेब ऐकणाऱ्यास चमत्कार वाटतो. त्यांत निम्म्याहून अधिक माती असते हें विसरूं नये. तेव्हां हें खत शेणखताच्या बरोबरीचें समजावें, त्याहून जास्त जोरकस नव्हे. पद्धतीचें खरें मोल निराळेंच आहे. वाहून आणि उडून जाणारें नत्र ती मातींत धरून ठेवते, आणि मळणीनंतर जें कुटार जाळलें जातें त्याला ती काम देते. शहरांतील घराला एवढें टांकें नको. त्याच प्रमाणांत, म्हणजे पंधरा भाग काडीकचऱ्यास एक भाग शेण या मापानें, तीन फुटी चौकोनी टांक्यांतही काम होतें. मात्र त्याहून लहान ढीग आंतून तापत नाहीं.

घाई मात्र येथें चालत नाहीं. अर्धवट कुजलेलें खत वाफ्यांत गेलें तर हुमणी आणि वाळवी यांना आमंत्रण मिळतें, आणि कुजविणारे जंतु स्वतःच्या भुकेसाठीं मातींतील नत्रच ओढून घेतात. रोपें पिवळीं पडतात, आणि मालक म्हणतो कीं सेंद्रिय खतांत दम नाहीं. खत काळसर, भुसभुशीत, मातीच्या वासाचें झालें आणि मूळ काडी ओळखूं येईनाशी झाली, म्हणजे तें तयार समजावें.

गच्चीवरील कुंड्यांची गोष्ट थोडी वेगळी. नुसती काळी माती कुंडींत दगडासारखी बसते, म्हणून माती, कुजलेलें खत आणि जाड वाळू समसमान घ्यावी. रोजच्या पाण्याबरोबर नत्र खालून वाहून जातें. तेव्हां एकदम न देतां पंधरा दिवसांनीं वीस-पंचवीस ग्रॅम निंबोळी पेंड पुरे. मार्चनंतर ऊन चढलें आणि फुलें गळूं लागलीं तर खत वाढवूं नये. ती उष्णतेची करणी आहे, आणि कोणत्याही पेंडीनें ती थांबत नाहीं.

म्हणून वऱ्हाडांत ज्याला ‘भेदरं’ म्हणतात त्या या फळाची घरची लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरांत करणें सोयीचें. सोयाबीनचें कुटार मात्र ऑक्टोबरांतच हातीं येतें, आणि त्यानें भरलेलें टांकें फेब्रुवारीच्या सुमारास तयार होतें. तें खत उन्हांत उघडें न टाकतां सांवलींत, गोणपाटाखालीं किंचित ओलें ठेवून, पावसाचें पाणी त्यांतून झिरपणार नाहीं अशा बेतानें पुढील सप्टेंबरपर्यंत राखावें. पहिल्या वर्षीं अर्थातच खत विकत घ्यावें लागेल. तें घेतांना पिशवींत हात घालून वास पाहावा.